दुसरी छत्री

"छत्री दो जगह लगती है साहब, टाइम जाता है."

हे वाक्य माझं आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या वार्षिक बैठकीत मी ते बोललो. टेबलाभोवतीची माणसं हसली, विभागप्रमुखही हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. वाक्य म्हटलं तर विनोदी होतं. ते खोटंही होतं, आणि ते खोटं आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. ज्या मुलीबद्दल ते बोललं गेलं ती तिथे नव्हती. आता ती कुठेच नाही. तिच्यावर चार शब्द लिहा असं वृत्तपत्राच्या पुरवणीकडून सांगणं आलं तेव्हा मी होय म्हणालो, पण लिहायला बसलो की दर वेळी हेच वाक्य पुढे यायचं आणि बाकीचं अडून राहायचं. म्हणून तेच आधी लिहून टाकलं आहे.

संजीवनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या कोठी भागात एका चष्म्याच्या दुकानात होतो. फोन तिचे यजमान अरविंदराव यांचा. बँकेतून निवृत्त झालेला, कधीही आवाज न चढवणारा माणूस. "माधवराव, संजू सकाळी गेली. तुम्ही सावकाश या, गर्दीची वेळ आहे," एवढंच म्हणाले. अशी बातमी ऐकून माणूस हादरतो म्हणतात. मी दुकानदाराला डोळ्यांचा नंबर सांगितला, पावती घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि मग रस्त्यावर आलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी घराच्या उलट्या दिशेला चालतो आहे.

तिची माझी ओळख नोकरीच्या आधीची. आमचं घर काचीगुड्यातलं. आजोबा निजामाच्या सरकारात कारकून, वडील वकील. बाहेर उर्दू आणि तेलुगू, म्हणून घरात मराठी फार जपून, इस्त्री केल्यासारखी बोलली जायची. संजीवनीचं घर शेतकऱ्याचं, बिदरच्या पलीकडच्या एका गावातलं. ती लहान असताना वडील धान्याच्या अडतीवर काम करायला शहरात आले आणि अफझलगंजच्या मागे दोन खोल्यांत राहिले. तिथलं मोठं ग्रंथालय हीच तिची अभ्यासाची खोली. मी तिथे संशोधनासाठी बसायचो आणि लागतील न लागतील ती पुस्तकं समोर रचून ठेवायचो. एके दिवशी एक काटकुळी मुलगी समोर येऊन उभी राहिली. माझ्या ढिगातल्या एका पुस्तकावर बोट ठेवून म्हणाली, "दादा, हे वाचलालाव का नुसतं ठिवलाव?"

मी हसलो. मराठी ऐकून आनंद झाला होता, पण हसलो ते तिच्या बोलीला. म्हणालो, "वाचलालाव नाही, वाचताय."

"हौ," ती म्हणाली. "वाचताय का नुसतं ठिवलाव?"

पुस्तक मी नुसतंच ठेवलं होतं. ते तिला दिलं.

पुढे ओळख वाढली. भूशास्त्राकडे ती कशी वळली हे मी एकदा विचारलं, तेव्हा तिने विहिरीची गोष्ट सांगितली. गावात त्यांची विहीर खोदत होते तेव्हा काळा दगड लागला. सुरुंग लावत खाली गेले, तरी काळाच. मग ती हैदराबादेत आली, तर इथे जिकडेतिकडे गुलाबी दगड, घराएवढे धोंडे एकावर एक ठेवल्यासारखे. काळा कुठेच नाही. तिने शाळेत मास्तरांना विचारलं होतं की आमच्या विहिरीच्या खाली खाली गेलं तर हैदराबाद लागेल का. वर्ग हसला, मास्तरही हसले. वास्तविक भूशास्त्रातला तो चांगला प्रश्न आहे. पश्चिमेकडून आलेला ज्वालामुखीचा काळा खडक त्या भागात जुन्या गुलाबी ग्रॅनाइटवर पसरलेला आहे. पण कुठे किती जाड, हे खोदल्याशिवाय नीट कळत नाही. न खोदता अंदाज बांधायचा एक मार्ग असा की काळा खडक जड, त्यामुळे तो असेल तिथे पृथ्वीची ओढ किंचित जास्त लागते. ती ओढ मोजणारं यंत्र आमच्या संस्थेत होतं. तीन वर्षांनी संजीवनी आमच्या विभागात रुजू झाली, आणि तिने प्रबंधासाठी मोजणीची जी रेषा आखली ती गुलाबी खडकावरून निघून काळ्या खडकावर जात, बरोबर त्यांच्या विहिरीपाशी संपत होती.

त्या साली मी पहिल्यांदाच फिल्डवर तुकडी घेऊन जाणार होतो. विभागातून तोवर एकही बाई फिल्डवर गेली नव्हती. प्रमुखांनी मला विचारलं, ले जाओगे क्या. मी हो म्हटलं, आणि खोटं कशाला सांगू, ते म्हणताना मला मी फार उदार वाटलो. तिचे वडील टोपी हातात धरून ऑफिसात भेटायला आले. "तुम्ही आपली माणसं. लक्ष ठिवा," म्हणाले. मी त्यांना निर्धास्त राहा म्हणून सांगितलं.

आता यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ग्रॅव्हिमीटर म्हणजे एका कळशीएवढं भांडं. आत अतिशय नाजूक स्प्रिंग असते. जमिनीवर तबकडी टेकवायची, त्यावर यंत्र ठेवायचं, समतोल करायचं आणि वाकून डोळा लावून आकडा वाचायचा. उन्हाने यंत्र तापलं की स्प्रिंग बिघडल्यासारखी वागते. म्हणून त्याच्यावर सतत एक मोठी काळी छत्री धरतात. दुसरी गोष्ट, ही स्प्रिंग दिवसभरात आपली आपण थोडी सरकते. आकडा बदलतो, पण ती चूक जमिनीची नसते, यंत्राची असते. त्यासाठी सकाळी एका पक्क्या जागी, शाळेचा ओटा किंवा देवळाची पायरी अशा ठिकाणी, पहिला आकडा घ्यायचा. त्या जागेला बेस म्हणतात. दिवसभर फिरून पुन्हा त्याच जागी यायचं आणि पुन्हा आकडा घ्यायचा. सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांत थोडा फरक असला तर तो मधल्या सगळ्या ठिकाणांवर वाटून टाकता येतो. याला आम्ही लूप बंद करणं म्हणतो. फरक फार आला तर लूप बंद होत नाही. दिवसाचं काम फुकट जातं आणि ते सगळं पुन्हा करावं लागतं.

तुकडीत आम्ही पाच पुरुष आणि संजीवनी. माळ उघडा, आडोशाला झुडूपसुद्धा नाही, शेतांत कामाची माणसं. पुरुषांचा प्रश्न नव्हता, जीपच्या पलीकडे उभं राहिलं की झालं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच संजीवनीने काय करायचं ते ठरवून टाकलं. ती यंत्राची छत्री उचलायची, सरळ चालत लांबच्या बांधापर्यंत जायची आणि छत्री उघडून जमिनीवर आडवी लावायची. लांबून एक काळं वर्तुळ तेवढं दिसायचं. थोड्या वेळाने छत्री मिटलेली घेऊन परत यायची आणि काही झालंच नाही असं काम पुढे चालू करायची. तिने याचा कधी उल्लेख केला नाही, लाजली नाही, माफीही मागितली नाही. मला वाटतं, तिने लाजायला हवं होतं अशी माझी कुठेतरी अपेक्षा होती...

छत्री परत येईपर्यंत थांबावं लागायचं. एका जागी काही मिनिटं, त्याहून जास्त नाही. यंत्र जीपच्या सावलीत ठेवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण मी ते उन्हातच तबकडीवर ठेवून द्यायचो. थोडं आळसाने आणि थोडं, हे आता लिहायलाच हवं, तिला दिसावं म्हणून. तिने बांधावरून परत येताना बघावं की यंत्र उन्हात आहे, दादा घाम पुसत उभे आहेत आणि हे तिच्यामुळे आहे. मग मी तापलेल्या यंत्रावर आकडा घ्यायचो. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर लूप बंद होत नसे. एकदा कंदिलाशी आकडे तपासताना ती म्हणाली, "दादा, दुपारच्या तिसऱ्या जागेला यंत्र तापलंय. तिथनंच सगळं हुकलंय." मी म्हणालो, बघू. ते काम पुन्हा करावं लागलं. मग आणखी एकदा. मग आणखी.

एव्हाना बाकीच्यांना विनोदाला विषय मिळाला होता. ड्रायव्हर सकाळी सामान मोजताना विचारायचा, साहब, छत्री यंत्र की है या मॅडम की? कोणी म्हणायचं, आज छत्रीचा किती वेळा उदय झाला. मी हसायचो नाही, पण थांबवलंही नाही. तुकडीचा प्रमुख थांबवत नाही याचा अर्थ सगळ्यांना कळतो. तिलाही कळला. शेवटच्या काही आठवड्यांत छत्री यंत्रावरून हललीच नाही. मला बरं वाटलं, म्हटलं, सवय झाली. तिने सकाळपासून पाणी पिणं सोडलं होतं हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. दुपारी जेवताना भाकरीचा घास कोरडाच चावत बसायची. मी पाण्याचा डबा पुढे केला तेव्हा म्हणाली, "नक्को दादा, संध्याकाळी." ओठ फुटलेले होते. मी डबा परत घेतला आणि स्वतः प्यालो.

त्या मोसमात ठरलेलं काम पूर्ण झालं नाही. रेषा विहिरीच्या बरीच अलीकडे, ऊस लावलेल्या एका शेतात थांबली. पावसाळ्यानंतरच्या बैठकीत प्रमुखांनी मला विचारलं, काम कमी का. तेव्हा मला दोन उत्तरं देता आली असती. एक, मी यंत्र तापू दिलं, माझे लूप हुकले. दुसरं, आणखी एक छत्री द्या, म्हणजे कोणाचाच खोळंबा होणार नाही. दुसरं उत्तर तर अर्धं खरंसुद्धा नव्हतं, तरी निदान उपयोगाचं झालं असतं. मी तिसरं दिलं. छत्री दो जगह लगती है साहब, टाइम जाता है. आमच्या बैठका इंग्रजीत चालतात. विनोद मात्र सगळे हिंदीत करतात. माणसं मनापासून हसली. त्या हसण्यातच निर्णय झाला. नंतर कागदावर एवढंच आलं की संजीवनीला ऑफिसात आकडे तपासण्याच्या कामावर घ्यावं. ती पुन्हा फिल्डवर गेली नाही म्हणून मग दुसऱ्या बाईला पाठवायचा विषयही कोणी काढला नाही. बरीच वर्षं नाही. त्या वर्षांत विभागात आलेल्या मुली आल्या, टेबलाशी बसल्या, लग्न होऊन किंवा न होऊन दुसरीकडे निघून गेल्या. आणि आम्ही म्हणत राहिलो की मुलींना फिल्डची आवड नसते.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी संजीवनी माझ्या खोलीत आली. मला वाटलं विचारेल. तिने मोसमाच्या आकड्यांची फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, सही."

त्या आधी ऑफिसात, रस्त्यावर, फिल्डवर मी दादा होतो. त्यानंतर शेवटपर्यंत सर. मीही त्यावर कधी काही बोललो नाही. उलट ती आता जरा रीतीला धरून वागते असं आईला सांगितल्याचं आठवतं.

दुसऱ्या कोणाची कारकीर्द तिथे संपली असती. तरुण संशोधकाला स्वतः गोळा केलेले आकडे नसतील तर त्याला फार थोडं म्हणता येतं. संजीवनीने मग दुसऱ्यांचे आकडे घेतले. तळघरात जुन्या मोसमांच्या आकड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडून होते. ती ते उघडून बसली आणि तिने प्रत्येक लूप नव्याने तपासला. कुठे यंत्र तापलं, कुठे बेस हलला, कुठे थकलेल्या माणसाने आकडा अंदाजाने लिहिला, हे ती नुसतं बघून सांगायची. तिचा प्रबंध शेवटी यंत्राच्या सरकण्यावरच झाला. आमच्यासारख्यांनी ते कारकुनी काम समजून सोडून दिलं होतं. काही वर्षांनी परिस्थिती अशी झाली की कोणाचाही निबंध तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे. मोठेमोठे शास्त्रज्ञ तिच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणायची, "हे दुपारचं आहे का सर? मग तापलं असंल." माझा एकही निबंध तिने अडवला नाही. प्रत्येक वेळी चूक मात्र अचूक दाखवली, पेन्सिलीने, पुसता येईल अशी.

दुसरी छत्री तिने मिळवली तेव्हा ती पंचेचाळिशीच्या आसपास होती. विभागात नव्या मुली आल्या होत्या. वरून विविधता वाढवा, समावेश करा अशी परिपत्रकं यायला लागली होती, भिंतीवर हसऱ्या मुलींचे फलकही लागले होते. त्या वेळी तिने सामान भांडाराकडे मागणी केली की प्रत्येक तुकडीला दोन छत्र्या द्याव्यात. भांडाराने विचारलं, एका यंत्राला एक छत्री असते, दुसरी कुठल्या यंत्रासाठी? तिने उत्तर पाठवलं, "आकडा घेणाऱ्यासाठी." भांडाराच्या माणसाला ते सयुक्तिक वाटलं. उन्हात माणूसही तापतो. छत्री मंजूर झाली. मी हे ऐकून हसलो, आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं की एवढंच होतं. एवढंच मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं.

त्या मुलींपैकी फरहीन आज स्वतः तुकडी घेऊन जाते. जुन्या शहरातली, वडिलांचं अत्तराचं छोटं दुकान. ती पहिल्यांदा फिल्डवर जाणार होती तेव्हा तिचे वडील ऑफिसात आले. मला पाहिलं आणि त्यांनी आवाज खाली घेतला. मला टोपी हातात धरलेले संजीवनीचे वडील आठवले. मी काही बोलायच्या आत संजीवनी पुढे झाली. त्यांनी विचारलं, "मॅडम, बच्ची रात कू कहाँ सोती, पानी कहाँ पीती, बाकी इंतजाम क्या है?" संजीवनीने आधी त्यांना खुर्ची दिली, मग जागेवरून उठून दुसरी छत्री आणली आणि उघडून त्यांच्यासमोर जमिनीवर आडवी लावली. "इंतजाम ये है, चाचा. पानी पेटभर पीती. मैं खुद देखतूं." म्हाताऱ्याने छत्रीच्या कडेला हात लावून बघितला. मग म्हणाला, "इत्ता सोचे तुम लोगां?" ती म्हणाली, "सोचने कू टाइम लगा, चाचा." माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

फिल्डवर निघणाऱ्या प्रत्येक मुलीला ती एकच सूचना द्यायची. यंत्राबद्दल नाही, पाण्याबद्दल. दुपारी फोन करून विचारायची, किती प्यालीस. मुली तिच्या मागे तिला वॉटर बोर्ड म्हणायच्या, आणि तिला ते माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं कळलं. मी तिच्या डॉक्टरांना एकदा बाजूला घेऊन विचारलं की तरुणपणी उन्हात पाण्यावाचून काढलेल्या दिवसांचा याच्याशी काही संबंध असेल का. ते म्हणाले, तसं काही सांगता येत नाही, कारणं अनेक असतात. त्यांचं म्हणणं बरोबर असणार. आणि या आजारात तिला दिवसाचं पाणी मोजून मिळायचं. अरविंदराव लहान स्टीलच्या पेल्यात ओतून द्यायचे. ती पेला हातात घेऊन त्यांना म्हणायची, "हे बघा, मुलींना पाणी पाजून पाजून माझं संपलं." त्यावर अरविंदराव हसायचे. मला जमायचं नाही.

ती जायच्या आधी काही दिवस मी बरकतपुऱ्यात तिच्या घरी गेलो होतो. या वेळी बोलायचंच असं ठरवून गेलो होतो. असं ठरवून मी त्या आधीही अनेकदा गेलो होतो. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, पाय सुजलेले, आवाज बारीक. अरविंदराव चहा करायला आत गेले आणि मी सुरुवात केली. बैठक, प्रमुखांचा प्रश्न, माझं उत्तर. वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. यंत्र मी मुद्दाम उन्हात ठेवायचो हेही सांगितलं. तिने मध्ये अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "यंत्राचं मला तिथंच कळलं होतं. आकड्यात दिसतं ना ते. आन् बैठकीतलं दुसऱ्या दिवशी कळलं."

"कोणी सांगितलं?"

"कशाला कोणी सांगायला पाहिजे? सगळं ऑफिस छत्रीवर हसत होतं. छत्रीचं तुमच्याशिवाय त्या खोलीत कोणाला माहीत होतं?"

मी म्हणालो की मला माफी मागायची आहे. तिने हात किंचित वर केला. "इथं नक्को, सर."

मला वाटलं थकली असेल. पण ती विचार करत होती. म्हणाली, "लूप कुठं बंद होतो? बेसला. तुम्ही सुरू कुठनं केलं होतं? माझ्या घरातनं का?" मग श्वास घेऊन म्हणाली, "त्याच खोलीत जाऊन बोला. तिथल्या माणसांनी त्या वाक्यावर इतकी वर्षं कामं वाटली. मला सांगून काय सुधारतं? मला आधीच बरोबर आकडा माहीत होता."

मी विचारलं, "तू असशील तिथे?" प्रश्न मूर्खपणाचा होता.

"बेसला माणूस लागत नाही, सर," ती म्हणाली. "जागा लागते." अरविंदराव चहा घेऊन आले. तिने त्यांना सांगितलं की सरांना साखर जास्त लागते. मग आमचं बोलणं त्यांच्या बाल्कनीतल्या मोगऱ्यावर गेलं. निघताना मी दारातून मागे बघितलं. ती पेल्यातलं उरलेलं पाणी बघत होती, पीत नव्हती...

यंदाची बैठक ती गेल्यानंतर महिन्याभराने आली. तीच खोली. पंखे गेले, वातानुकूलन आलं, टेबल मात्र तेच, सागवानी, कडेला पानाच्या डब्याच्या जुन्या डागाचं. त्या दिवशी हसलेल्यांपैकी कोणीही आता तिथे नव्हतं, बहुतेक जण निवृत्त झाले आहेत, काही वारले. मीही येत्या वर्षी निवृत्त होईन. आधी दोन मिनिटं शांतता पाळली गेली. मग कामं सुरू झाली. फरहीनची पाळी आली. संजीवनीची ऊस लावलेल्या शेतात थांबलेली रेषा तिने यंदा पुढे, विहिरीपर्यंत न्यायची परवानगी मागितली होती. ती सरळ यंत्रशाळेतून आली होती. हातातली छत्री तिने भिंतीला टेकवून ठेवली होती. मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली, एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली, कापड दोनदा बदललेलं. संजीवनीने मिळवलेली ती पहिली 'दुसरी छत्री'. अरविंदरावांनी ती फरहीनला दिली हे मला ठाऊक होतं.

आताचे प्रमुख माझ्याहून लहान आहेत, सभ्य आहेत. त्यांनी फरहीनचा आराखडा उलटून बघितला आणि विचारलं की दुसऱ्या तुकड्यांपेक्षा रोजची ठिकाणं कमी का धरली आहेत. प्रश्न साधा होता. ती उत्तर द्यायला उभी राहिली, पाणी आणि विश्रांतीचा वेळ धरला आहे असं इंग्रजीत सांगू लागली. कोपऱ्यातून कोणीतरी हळूच, वाईट हेतूने नव्हे, हिंदीत काहीतरी पुटपुटलं. दोघे-तिघे हसले. फरहीन थांबली.

मी उभा राहिलो. मला बोलायचं आहे असं म्हणालो. प्रमुखांना वाटलं मी संजीवनीबद्दल बोलणार, त्यांनी मान लववली. त्या खोलीतली माफी इंग्रजीत मागायची रीत आहे. तिथे सॉरी म्हणून पुढच्या विषयाकडे जाता येतं. पण मी ते वाक्य इंग्रजीत बोललो नव्हतो. म्हणून ज्या भाषेत ते गेलं होतं, त्याच भाषेत, भिंतीला टेकलेल्या छत्रीकडे बघत, मी ते परत आणलं:

"इसी टेबल पे मैं बोला था साहब, छत्री दो जगह लगती है, टाइम जाता है. वो झूठ था. टाइम मेरी वजह से गया था, यंत्र मैं धूप में रखा था. संजीवनी का काम बराबर था. मैं उनसे माफी माँगता हूँ, और इस कमरे से भी."